एका रात्रीची पुस्तके : इटालियन ऑपेराच्या छापील संहिता आणि त्यांचे संग्राहक

ऑपेराच्या इतिहासाचे प्रमुख साधन स्वरलेखन असले पाहिजे, असे सहजच वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. सतराव्या शतकातील इटालियन ऑपेरांपैकी फार मोठ्या भागाचे संगीत आज उपलब्ध नाही. स्वरलेखन बहुधा हस्तलिखित असे; ते नाट्यगृहाच्या आणि गायकांच्या कामापुरते तयार होई, आणि काम संपले की त्याची काळजी घेण्याचे कोणाला कारण नसे. टिकून राहिली ती शब्दांची पुस्तके. इटालियन भाषेत त्यांना ‘लिब्रेत्तो’ म्हणजे लहानसे पुस्तक म्हणतात, आणि हा शब्द मुळात आकाराचा वाचक आहे, आशयाचा नव्हे. प्रेक्षकाने नाट्यगृहाच्या दारात विकत घ्यावे, हातातल्या बारीक मेणवातीच्या उजेडात गायनाबरोबर वाचावे आणि घरी गेल्यावर कोठे तरी टाकून द्यावे, एवढ्यासाठी ते छापलेले असे. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या पुस्तकांची जात सहज ओळखता येईल.

अशा वस्तूंचा संग्रह करावा, असे कोणाला वाटावे हेच नवल. पण तसे वाटणारी माणसे सतराव्या शतकापासून सतत होत आली, आणि त्यांच्या हौसेवर एका संपूर्ण कलाप्रकाराचा इतिहास उभा राहिला. त्या हौसेने इतिहास राखला, तसा काही प्रमाणात पुसलाही. या दुसऱ्या बाजूचा विचार मात्र बराच उशिरा सुरू झाला.

आरंभीच्या संहिता विकण्यासाठी नव्हत्या. ओत्ताव्हिओ रिनुच्चिनीने रचलेली आणि याकोपो पेरीने स्वरबद्ध केलेली ‘दाफ्ने’ ही सामान्यतः पहिली ऑपेरा मानली जाते. १५९८च्या सुमारास फ्लॉरेन्समधील याकोपो कोर्सी या उमरावाच्या वाड्यात ती झाली. तिच्या संगीताचे केवळ तुटक अंश उरले आहेत. शब्द मात्र १६००च्या छापील आवृत्तीत पूर्ण मिळतात. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत याच कृतीची एक वर्ष न छापलेली चिमुकली प्रत आहे. एफ. डब्ल्यू. स्टर्नफेल्ड यांनी १९७८ साली ती १६००च्या आधीची, म्हणजेच छापील ऑपेरा-संहितांमधील सर्वांत जुनी ठरवली. वर्ष नसलेल्या एका चोपडीची शतकानुशतके कोणी दखल घेऊ नये आणि अखेर तीच या सबंध प्रकाराची आदिप्रत ठरावी, ही घटना ग्रंथसंग्रहाच्या क्षेत्रात पुष्कळ काही शिकवणारी आहे.

मांतुआच्या दरबारात १६०७ साली झालेल्या ‘ओर्फेओ’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. आलेस्सांद्रो स्त्रिज्जोची संहिता त्याच वर्षी छापली गेली. उपस्थितांपैकी प्रत्येकाला गायन चालू असताना शब्द वाचता यावेत हा त्यामागचा हेतू दरबारी पत्रव्यवहारात नमूद आहे. क्लाउदिओ मोंतेवेर्दीचे स्वरलेखन दोन वर्षांनी, १६०९ साली, व्हेनिसमध्ये छापले गेले. दोहोंचे शेवट जुळत नाहीत. संहितेत ओर्फेओवर चालून येणाऱ्या उन्मत्त बाखसभक्त स्त्रिया आहेत. स्वरलेखनात अपोलो खाली उतरतो आणि पुत्राला आकाशात घेऊन जातो. पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी कोणता शेवट पाहिला, यावर अभ्यासकांचा वाद संपलेला नाही. पण संहितेची प्रत हाती नसती, तर वाद उपस्थित होण्याचेही कारण नव्हते. पुढच्याच वर्षीच्या ‘आरिआन्ना’चे तर नायिकेच्या विलापाखेरीज सारे संगीत हरपले; ती ऑपेरा आज आहे ती केवळ रिनुच्चिनीच्या शब्दांत.

१६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो नाट्यगृहात ‘आंद्रोमेदा’ झाली. शब्द बेनेदेत्तो फेर्रारीचे, संगीत फ्रांचेस्को मानेल्लीचे. पैसे देऊन कोणालाही येता येईल असा हा पहिला ऑपेरा-प्रयोग होय. त्याचेही संगीत उरलेले नाही. प्रयोगानंतर छापलेल्या संहितेत देखाव्यांचे आणि यांत्रिक करामतींचे जे वर्णन आहे, त्यावरच सर्व भिस्त आहे. येथून पुस्तकाचे रूप बदलले. दरबारी संहिता ऐसपैस चौपेजी आकाराच्या असत, पाहुण्यांच्या हाती भेट म्हणून पडत आणि राजघराण्यांच्या ग्रंथालयांत सुखरूप राहत. व्हेनिसची संहिता खिशात मावणारी, बारापेजी, हलक्या कागदावर घाईने छापलेली. क्रिस्तोफोरो इव्हानोविच या तत्कालीन लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, छपाईचा खर्च कवी करी आणि विक्रीचे उत्पन्नही त्यालाच मिळे. त्याखेरीज अर्पणपत्रिका ज्याच्या नावे असे, त्या धनिकाकडून काही प्राप्ती होई. कवीचे मानधन ते हेच. त्यामुळे अर्पणपत्रिकेतली लांबलचक खुशामत कंटाळवाणी असली, तरी तिच्याखालची तारीख अमूल्य असते. पहिला प्रयोग केव्हा झाला हे ठरवण्याचे अनेकदा तेवढेच एक साधन असते.

या चोपड्यांत आणखीही बरेच काही असते. कथेचा पूर्ववृत्तान्त, पात्रांची यादी, देखाव्यांची यादी. मग एक गंमतीदार निवेदन : संहितेत आलेले ‘दैव’, ‘देवता’, ‘नियती’ हे शब्द केवळ काव्यसंकेत असून कवी श्रद्धाळू कॅथलिक आहे. धर्मपीठाच्या परवानगीची ओळ. काही ओळींच्या आरंभी अवतरणचिन्हे असतात; वेळ वाचवण्यासाठी त्या गायल्या जात नसत, पण कवीला आपले शब्द छापून हवे असत. ऐन वेळी एखादे गीत बदलले तर नव्या शब्दांचा कागद वर चिकटवला जाई. छापील असूनही प्रत्येक प्रत प्रयोगाच्या घडामोडींशी अशी बांधलेली आहे. लिब्रेत्तो हा कृतीचा दस्तऐवज नसून प्रयोगाचा दस्तऐवज आहे. ‘ही संहिता संग्रहात आहे, दुसरी प्रत कशाला?’ हा प्रश्न येथे मुळातच चुकीचा ठरतो.

इव्हानोविचने १६८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात व्हेनिसच्या नाट्यगृहांची हकीकत आणि तेथे झालेल्या ऑपेरांची वर्षवार यादी दिली. अशा प्रकारची ती आद्य यादी. कार्लो बोनलिनीने १७३० साली आणि आंतोनिओ ग्रोप्पोने १७४५ साली तशाच सूची केल्या, आणि पुढचे इतिहासकार या तिघांच्या आधारे लिहीत राहिले. अडचण अशी होती की, इव्हानोविचने कित्येक दशकांपूर्वी घडलेल्या गोष्टींविषयी लिहिताना संगीतकारांची नावे पुष्कळदा ऐकीव माहितीवर घातली. छापील संहितेवर कवीचे नाव असे, मुद्रकाचे असे. आरंभीच्या दशकांत संगीतकाराचे नाव बहुधा नसेच. त्यात व्हेनिसचे वर्ष १ मार्चला सुरू होई आणि ऑपेराचा हंगाम नाताळनंतर सुरू होऊन कार्निव्हलच्या अखेरीस संपे. म्हणजे एकाच हंगामातील जानेवारीचा प्रयोग व्हेनिसच्या गणनेने एका वर्षाचा आणि इतर युरोपच्या गणनेने पुढल्या वर्षाचा. मुद्रक कधी हा संकेत पाळी, कधी तो. थॉमस वॉकर यांनी १९७६ साली एका दीर्घ निबंधात इव्हानोविचच्या चुका एकेक करून दाखवल्या. सूचीवरून सूची रचण्याची पद्धत सोडून पुन्हा मूळ चोपड्यांकडे जावे लागते, हे तेव्हा कोठे सर्वमान्य झाले. मराठीत वाङ्मयसूचीचे काम केलेल्यांना हा अनुभव अपरिचित वाटणार नाही.

याच गुंत्यातले सर्वांत प्रसिद्ध प्रकरण ‘पोप्पेआचा राज्याभिषेक’ या ऑपेराचे आहे. १६४३च्या कार्निव्हलमध्ये ती व्हेनिसमध्ये झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मोंतेवेर्दी वारला. त्या हंगामासाठी छापलेला जो कागद उरला आहे, तो पूर्ण संहितेचा नाही, केवळ प्रवेशवार कथासाराचा आहे, आणि त्यावर संगीतकाराचे नाव नाही. कवी जोव्हान्नी फ्रांचेस्को बुसेनेल्लो याने संपूर्ण संहिता आपल्या नाट्यकृतींच्या संग्रहात छापली ती १६५६ साली. छापील साधनांत मोंतेवेर्दीचे नाव या कृतीशी जोडतो तो इव्हानोविच, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनंतर, आणि तोही असा साक्षीदार की ज्याची साक्ष इतरत्र वारंवार खोटी ठरलेली आहे. स्वरलेखनाची दोन हस्तलिखिते मिळाली : व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयातील प्रत १८८८ साली उजेडात आली, नेपल्समधील १९३० साली. दोन्ही संगीतकाराच्या मृत्यूनंतरची. पुढे उदिने येथे संहितेचे एक हस्तलिखित सापडले. त्यात मोंतेवेर्दी हयात असल्याच्या भाषेत त्याचा उल्लेख आहे, आणि बराचसा संशय निवळला.

पण सगळा नव्हे. या ऑपेराचा शेवट होतो तो नीरो आणि पोप्पेआ यांच्या युगलगीताने. आज हे गीत मोंतेवेर्दीच्या नावावर जगभर गायले जाते. दोन्ही स्वरलेखनांत ते आहे. बुसेनेल्लोने स्वतः छापलेल्या संहितेत मात्र नाही. ज्या गीतावर कवीने हक्क सांगितला नाही, ते आले कोठून? त्याचे शब्द मिळाले ते फेर्रारीच्या ‘इल पास्तोर रेजो’ या अगदी वेगळ्या ऑपेराच्या संहितेत. त्यातही व्हेनिसच्या प्रयोगाच्या नव्हे, तर १६४१ साली बोलोन्यात झालेल्या फेरप्रयोगासाठी छापलेल्या संहितेत. फेर्रारी कवी होता तसा संगीतकारही होता. त्या ऑपेराचे संगीत मात्र नष्ट झाले आहे. म्हणून शब्दांबरोबर चालही त्याचीच की काय, हा प्रश्न उघडाच आहे. संगीताच्या इतिहासातील एका अत्यंत लाडक्या गीताचे पितृत्व अशा रीतीने एका प्रांतिक पुनर्मुद्रणावर येऊन ठेपले. ‘बोलोन्याची आवृत्ती म्हणजे व्हेनिसचीच नक्कल’ असे म्हणून एखाद्या संग्राहकाने ती चोपडी दुहेरी प्रत म्हणून काढून टाकली असती, तर त्याला कोणी दोषही दिला नसता.

संग्राहकांत पहिला मान व्हेनिसच्या आपोस्तोलो झेनोचा. तो स्वतः ऑपेराचा कवी, व्हिएन्नाच्या सम्राटाचा दरबारी कवी आणि विद्वान ग्रंथसूचीकार. आपल्या व्यवसायाचा इतिहास लिहायचा तर आधी कागद जमवले पाहिजेत, ही जाणीव त्याच्या ठायी होती. आयुष्याच्या अखेरीस त्याने आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसमधील दोमिनिकन साधूंच्या मठाला दिला. नेपोलियनच्या काळात मठ बरखास्त झाल्यावर तो मार्चाना ग्रंथालयात पोचला. कोर्नियानी-आल्गारोत्ती घराण्याचा नाट्यसंग्रह मिलानच्या ब्राइदेन्से ग्रंथालयात गेला. या संग्रहांचे वैशिष्ट्य असे की, ते त्या शहरात आणि त्या परंपरेतच जमले. एका हंगामाच्या किंवा एका नाट्यगृहाच्या चोपड्या क्रमाने लावून त्यांचे बाड बांधण्याची व्हेनिसच्या रसिकांत रीत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस येथील ग्रंथालयात गेलेल्या हजाराहून अधिक व्हेनिशियन संहिता अशाच बांधील मालिकेतल्या आहेत. आयरीन आल्म यांची त्यांवरील सूची १९९३ साली प्रसिद्ध झाली.

जर्मनीतील रॉस्टॉकचा संगीतविक्रेता आल्बेर्ट शात्स याची दृष्टी वेगळी होती. त्याला साऱ्या युरोपातील ऑपेरांचा तारीखवार, साधार इतिहास सिद्ध करायचा होता. त्यासाठी त्याने बारा हजारांहून अधिक संहिता जमवल्या आणि प्रत्येक प्रयोगाविषयी टिपणे काढली. इतिहास काही पुरा झाला नाही. १९०८ साली संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. तेथील संगीतविभागाचा प्रमुख ऑस्कर सॉनेक याने १८०० पूर्वीच्या संहितांची दोन खंडांची सूची १९१४ साली प्रसिद्ध केली. पहिल्या खंडात शीर्षकवार नोंदी. दुसऱ्यात कवी, संगीतकार आणि गीतांच्या आरंभशब्दांच्या सूची. ही शेवटची सूची वरवर रुक्ष दिसते, पण तिचे मोल फार आहे. अठराव्या शतकातील नामवंत गायक आपली हुकमी गीते प्रवासाच्या पेटाऱ्यात घालूनच गावोगाव हिंडत आणि मिळेल त्या ऑपेरात घुसडत. एखादे गीत कोठून कोठे गेले हे शोधण्याची सोय सॉनेकने प्रथम करून दिली. त्याच्या सूचीतील चिकित्सा पाहिली की, ग्रंथपालाचे काम हे इतिहासकाराच्या कामाच्या अलीकडचे असते ही समजूत किती उथळ आहे ते ध्यानात येते.

रोमचे डॉक्टर उल्देरिको रोलांदी यांनी तीस हजारांहून अधिक संहिता जमवल्या. त्या आता व्हेनिसच्या सान जॉर्जो बेटावरील चिनी प्रतिष्ठानात आहेत. पोर्तुगालच्या कार्व्हाल्याइश यांचा वीस हजारांवरचा संग्रह रोमच्या सांता चेचिलिया संगीतविद्यालयात आहे. या साऱ्यांवर कळस चढवला तो क्लाउदिओ सार्तोरी यांनी. १८०० पर्यंतच्या छापील इटालियन संहितांची त्यांची सात खंडांची सूची १९९० ते १९९४ या काळात प्रसिद्ध झाली. तीत सुमारे पंचवीस हजार नोंदी असून प्रत्येक आवृत्तीच्या प्रती कोणकोणत्या ग्रंथालयांत आहेत ते दिले आहे. १९९४ सालीच सार्तोरी निवर्तले.

एवढ्या प्रचंड परिश्रमानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो. सूची आवृत्तीची नोंद करते. प्रतीची कहाणी सांगत नाही. अमुक प्रत कोणी विकत घेतली, कोणी बांधली, ती कोणत्या वाड्यातून, मठातून, लिलावातून आली? हा माग काढण्याची साधने बहुधा क्षुल्लक असतात. शीर्षकपृष्ठाच्या कोपऱ्यात शाईने घातलेला आकडा ही चोपडी एखाद्या बाडात कितवी होती ते सांगतो. कण्याजवळची शिवणीची जुनी छिद्रे सांगतात की, आजचे देखणे कातडी वेष्टन मागाहूनचे आहे. दोन वेगवेगळ्या खंडांतील दोन ग्रंथालयांत एकाच हस्ताक्षरातले लागोपाठचे आकडे सापडले, तर ती दोन पुस्तके एकेकाळी शेजारी होती असे मानायला आधार मिळतो. समासात गायकांची नावे लिहिलेली असतात. ती छापण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीच्या काळात ही टिपणे कित्येकदा एकमेव पुरावा ठरतात. आणि मेणाचे डाग. पानावर सांडलेले मेण हे पुस्तक खरोखर नाट्यगृहात उघडले गेले होते याची साक्ष देते.

जुन्या पुस्तकांच्या बाजाराला नेमक्या याच खुणा नकोशा वाटत. बाड फोडून सुट्या चोपड्या विकल्या की एकूण किंमत जास्त येते, म्हणून बाडे फोडली गेली. पाने धुऊन डाग काढले गेले, कडा कापून समास सारखे केले गेले, कापताना टिपणांची अर्धी अक्षरे गेली. विश्वव्यापी संग्रहाच्या कल्पनेचाही या नाशात वाटा आहे, हे स्पष्टपणे म्हणणे प्राप्त आहे. प्रत्येक शीर्षकाची एक स्वच्छ प्रत हवी असणारा ग्राहक असला, की बाड फोडणारा विक्रेता असायचाच. शात्स किंवा रोलांदी यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. त्यांच्यावाचून पुष्कळ चोपड्या रद्दीतच गेल्या असत्या. परंतु झेनोच्या संग्रहातील चोपडीभोवती तिचे व्हेनिस अजून उभे असते. बाडातून सुटलेल्या चोपडीभोवती केवळ वर्णानुक्रम उरतो.

वर्णानुक्रम कसा दगा देतो, याचे उदाहरण भारतीय वाचकाला विशेष जवळचे आहे. पिएत्रो मेतास्तासिओने अलेक्झांडर आणि पोरस यांच्या संघर्षावर ‘आलेस्सांद्रो नेल्ल इंदिए’ म्हणजे ‘अलेक्झांडर हिंदुस्थानात’ ही संहिता लिहिली. लेओनार्दो विंचीच्या संगीतासह ती रोममध्ये जानेवारी १७३० मध्ये प्रथम सादर झाली, आणि त्या शतकात साठांहून अधिक संगीतकारांनी ती स्वरबद्ध केली. झेलमच्या तीरावरचा हा पोरस इतिहासातला कमी आणि दरबारी नाटकातला अधिक आहे : मत्सराने जळणारा प्रियकर, नाव बदलून शत्रूपुढे उभा राहणारा राजा. त्याची प्रेयसी क्लेओफिदे ही तो मेला असे समजून चितेवर चढायला निघते. सतीची चाल युरोपच्या रंगभूमीवर अशी करुणरसाची सामग्री होऊन आली. १७३१च्या फेब्रुवारीत हँडेलने हीच संहिता लंडनमध्ये ‘पोरो’ या नावाने केली. तिथल्या चोपडीत इटालियन शब्दांबरोबर सॅम्युएल हम्फ्रीज याचे इंग्रजी भाषांतर छापले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ड्रेस्डेनमध्ये हासेने ती ‘क्लेओफिदे’ म्हणून सादर केली. रोमला विजेता नायक वाटला, लंडनला पराभूत राजा, ड्रेस्डेनला राणी. शीर्षकवार लावलेल्या कपाटात ही तीन पुस्तके तीन टोकांना जातात.

याच संहितेची लिस्बन येथील आवृत्ती १७५५ची आहे. तेजो नदीकाठच्या नव्या राजेशाही नाट्यगृहाचे उद्घाटन त्या वर्षी ३१ मार्चला दाव्हिद पेरेझच्या ‘आलेस्सांद्रो’ने झाले, रंगमंचावर खरे घोडदळ आणले होते, असे चार्ल्स बर्नीने लिहून ठेवले आहे. १ नोव्हेंबरच्या भूकंपात ते नाट्यगृह कोसळले. पुरते सात महिने उभ्या असलेल्या वास्तूच्या पहिल्या रात्रीसाठी छापलेल्या या चोपडीच्या ज्या प्रती उरल्या, त्या कोणाच्या घरातून कशा वाचल्या, हे प्रत्येक प्रतीच्या शिक्क्यांवरून आणि बांधणीवरून वेगवेगळेच शोधावे लागते.